सात रात्री आणि दुसरा सुरुंग : साताऱ्याच्या वेढ्यावरील भयकथेच्या प्रकल्प नोंदी

८ मे

काम असं आहे. औरंगजेबाने १६९९-१७०० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यावर बारा-तेरा हजार शब्दांची दीर्घकथा लिहायची. माणसं खरी, जागा खऱ्या, एका ठिकाणी इतिहासाला फाटा द्यायचा आणि त्या फाट्यातून भुताटकी आत आणायची. मजकूर ऑगस्टअखेर दिवाळी अंकाकडे जायला हवा. आपल्या गावच्या किल्ल्यावर, गढीवर असलं काही लिहायला बसणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

पक्क्या गोष्टी आधी. वेढा डिसेंबर १६९९ मध्ये सुरू झाला. बादशहाचा तळ उत्तरेला, आजच्या करंज्याच्या जागी. शहजादा आझमशहा पश्चिमेला, शहापूरच्या अंगाला. पूर्वेकडचा मोर्चा तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान याच्याकडे. किल्ल्यावर हवालदार, म्हणजे किल्ल्याचा मुख्य अधिकारी, प्रयागजी प्रभू. मुख्य मारा ईशान्येच्या कोपऱ्यावर. मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ तिथली उंची ६७ फूट देतो, त्यात ४२ फूट कातळ आणि वर २५ फूट बांधकाम. १३ एप्रिल १७०० ला दोन सुरुंग उडाले. पहिल्याने तट आत कोसळला, आतली बरीच माणसं चिरडली. प्रयागजी भवानीच्या देवळाजवळ ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि नंतर जिवंत उकरून काढला गेला. दुसरा, मोठा सुरुंग चुकीचा भरलेला होता. तो बाहेरच्या बाजूला फुटला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीने उभे असलेले दोन हजारांहून अधिक मोगल सैनिक जागीच मेले. २१ एप्रिलला किल्ला दिला गेला.

१२ मे

फाटा कुठे द्यायचा यावर आठवडा गेला. पहिला आराखडा सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तोच होता : ढिगाऱ्यातून बाहेर आला तो प्रयागजी नव्हेच, त्याच्या अंगात दुसरंच काही आलंय. तीन प्रकरणं लिहून झाल्यावर हा आराखडा टाकला, दोन कारणांनी.

एक, प्रयागजी प्रभू हे साताऱ्यात आदराने घेतलं जाणारं नाव आहे. त्याच्या शौर्याच्या जागी भुताची करामत बसवली तर माणूसही जातो आणि कथाही जाते. दोन, कथेचं यंत्रच चालेना. गडावर एकच बाधित माणूस असेल तर उरलेले चारशे पानांचे संदर्भ नुसते पडदे होतात. वेढा दिसत नाही, तळ दिसत नाही, बादशहा दिसत नाही.

नवा फाटा : दुसरा सुरुंग उडतच नाही. इतिहासात जे दोन हजार मेले, ते कथेत वाचतात. मग डोंगर तो आकडा दुसऱ्या वाटेने वसूल करतो. इतिहासातला हिशेब तोच ठेवायचा, वाट बदलायची.

१५ मे

सुरुंग उडाला नाही, याचं कारण भुताटकीचं ठेवायचं नाही. इथे मी हट्टी आहे. फाट्याचं कारण साधं आणि खरं हवं, भीती ही त्या फाट्याचा परिणाम हवी. दोन्ही ठिकाणी भूत आणलं तर वाचकाला धरायला काहीच उरत नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात साताऱ्यात दुपारनंतर वळीव येतो. आदल्या संध्याकाळी एक सर पडते, पाणी कातळाच्या फटीतून सुरुंगाच्या बोगद्यात झिरपतं, वात भिजते. बत्ती दिली जाते, ती अर्ध्यावर विझते की धुमसत राहते ते बाहेरून कुणालाच कळत नाही.

पण याने एक भोक पडलं. पहिल्या सुरुंगाने तट पडलाय, हल्ल्याचे लोक जिवंत आहेत, मग ते आत का घुसत नाहीत? किल्ला त्याच दुपारी पडायला हवा! याचं उत्तर त्याच बोगद्यात आहे. ज्या चढावरून घुसायचं, त्याच्या पोटात भरलेला सुरुंग आहे आणि तो कुठल्या घटकेला उडेल ते माहीत नाही. सगळी फौज जागच्या जागी थिजते. तरबियतखानाला आत माणसं पाठवून बघणं भाग पडतं. कथेचं चाक इथून फिरतं.

२१ मे

तारखांची गुंतागुंत. ज्यांना रात्रीचे प्रसंग लिहायचे आहेत त्यांनी ही नोंद सोडू नये.

१३ एप्रिल १७०० ही जुन्या ज्यूलियन पद्धतीची तारीख आहे. आपल्या आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस २४ एप्रिल. १७०० सालच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं, तिथून पुढे अकरा. म्हणजे एकाच वेढ्यात, डिसेंबरच्या प्रसंगाला दहा आणि एप्रिलच्या प्रसंगाला अकरा मिळवायचे. सगळीकडे दहाच मिळवले की एप्रिलची प्रत्येक रात्र एका तिथीने सरकते.

याचा फरक चंद्रात पडतो. १३ एप्रिल ही नवी तारीख समजून लिहिलं तर ती चैत्र वद्य अष्टमी-नवमीची रात्र येते, मध्यरात्रीपर्यंत अंधार आणि मग चंद्र उगवतो. बरोबर धरलं तर वैशाख शुद्ध पंचमीची मागेपुढे. संध्याकाळी कोर आकाशात असते आणि अकराच्या आत मावळते. पहिल्या मसुद्यातल्या सगळ्या रात्री उलट्या झाल्या होत्या, त्या सगळ्या पुन्हा लिहिल्या.

जुना हिशेब सोपा आहे : शुद्ध पक्षात जितकी तिथी, त्याच्या दुप्पट घटका सूर्यास्तानंतर चंद्र राहतो. पंचमीला दहा घटका, म्हणजे चार तास. एकादशीला बावीस घटका, म्हणजे पहाटे साडेतीनच्या पुढे. घटका २४ मिनिटांची. कथेत तास-मिनिटं कुठेच येत नाहीत, प्रहर, घटका, पळ एवढंच.

२६ मे

मोगल इतिहासकार खाफीखानाच्या वृत्तांतातली एक गोष्ट कथेचा कणा ठरली. दुसऱ्या स्फोटात दबलेल्यांची प्रेतं काढता येईनात, म्हणून संतापलेल्या पायदळाने रात्री मोर्च्याच्या लाकडी बांधकामाला आग लावली. मोठ्या खर्चाने उभं केलेलं ते लाकूडकाम सात दिवस जळत होतं. मेलेल्यांत आणि आग लावणाऱ्यांत हिंदू शिपाई मोठ्या संख्येने होते, हेही तिथेच येतं.

म्हणून कथा सात रात्रींची. आणि आकडा जुळवताना हाताला असं लागलं : पहिल्या रात्री सोळा माणसं आत जातात, परत येत नाहीत. दुसऱ्या रात्री त्यांना शोधायला दुप्पट, बत्तीस. मग ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. बेरीज २,०३२. दोन हजारांहून अधिक. कुठेही ओढाताण न करता इतिहासाचा आकडा भरून येतो.

अडचण चौथ्या रात्रीची. कुठलाही सरदार हुकूम देऊन शंभराहून अधिक माणसं अशा बोगद्यात लोटणार नाही. पहिल्या तीन रात्रींना हुकूम पुरतो. चौथीपासून माणसं आपण होऊन जातात, कारण आतून भावाचा, चुलत्याचा, गाववाल्याचा आवाज येतो, नाव घेऊन. सातव्या रात्री मागे उरलेले नातेवाईकच बोगद्याच्या तोंडावर मोर्च्याचं लाकूड रचून पेटवतात. इतिहासातली आग तशीच राहते, तिचं कारण तेवढं बदलतं.

३ जून

भूत कोणतं, हा प्रश्न. आपल्याकडे पोतडी भरलेली आहे : वेताळ, मुंजा, ब्रह्मसमंध, झोटिंग, हडळ, खवीस, गिऱ्हा, आसरा, चकवा. मोगल तळ म्हटल्यावर हात आधी खवीसाकडे, मुसलमानाचं म्हणून मानल्या जाणाऱ्या भुताकडे, जातो. तो मुद्दाम टाळला. मेलेले सगळे एका धर्माचे नव्हते, आणि गडावरचे ते देवाचे, खालचे ते भुतांचे अशी वाटणी केली की कथेतली भीती संपून नुसती घोषणाबाजी उरते.

चकवा घेतला. चकवा माणसाला मारत नाही, वाट चुकवतो. तीच ती जागा पुन्हा पुन्हा येते. सरळ खोदलेल्या, एकच तोंड असलेल्या बोगद्यात चकवा लागणं, याहून भीतिदायक काही सापडलं नाही. वाट चुकायला दुसरी वाटच नाही, तरी बाहेर पडता येत नाही. चकवा लागला की जोडा उलटा घालावा, जागीच बसून पहाट होऊ द्यावी, हे उतारे गावोगाव माहीत आहेत. बोगद्यात पहाट होत नाही, एवढ्या एका वाक्यावर दुसरी रात्र उभी राहिली.

९ जून

बोगद्याचा तपशील.

मसुद्यात सोळा माणसं मशाली घेऊन आत जात होती. भरलेल्या सुरुंगात उघडी ज्योत कुणी नेणार नाही. प्रकाश काढून टाकला आणि सगळा प्रसंग स्पर्श, वास आणि आवाजावर आणला. गंधकाचा वास, ओल्या कोळशाचा काळा चिकटा हाताला, ठासणीच्या मातीच्या पोत्यांचा खरखरीतपणा. दोरी कमरेला, पुढच्याचा हात मागच्याच्या हातात. प्रसंग दुपटीने चांगला झाला. तेलाचा दिवा फक्त बोगद्याच्या पहिल्या टप्प्यात, दारूपासून लांब. तिथे हवा कोंदली की दिवा आधी मंदावतो आणि विझतो, माणूस मात्र त्यानंतरही बराच वेळ शुद्धीत राहतो.

सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातकट दगडाचा पट्टा असतो. घाटरस्ता कापलेला असेल तिथे सहज दिसतो. कथेतला बोगदा या मऊ पट्ट्याच्या आधाराने नेलाय, त्यामुळे परत आलेल्या दोरीला तांबडी माती लागलेली असते. रक्त दाखवायची गरज उरली नाही. कथाभर रक्त हा शब्द पहिल्या सुरुंगाच्या प्रसंगात येतो, पुढे नाही.

सुरुंग बाहेर का फुटतो, हे कथेतल्या माणसाला कळलेलं असलं पाहिजे : दारू जिकडे दगड पातळ तिकडे वाट काढते. तरबियतखानाच्या एका बेलदाराला, म्हणजे दगड फोडणाऱ्याला, कातळ ठोकून कळतं की दारूची कोठडी बाहेरच्या अंगाला जास्त सरकली आहे. सुरुंग उडाला तर मरणार आपलेच, हे सांगणारा तो एकटा. त्याला पहिल्या सोळांत घातलं.

१४ जून

गडावरची पाहणी. गाडीरस्ता वरपर्यंत जातो, तरी ईशान्येच्या कोपऱ्याची उंची समजायची असेल तर खालून, चढणीवरून बघावी. वरून ती कळत नाही. ६७ फूट म्हणजे सुमारे ४५ हात : कातळ २८, बांधकाम १७. कथेत हातच लिहिलेत. प्रयागजी गाडला गेला ती जागा आजच्या मंगळाईच्या देवळालगत धरली.

वरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, नांदगिरी, चंदन-वंदन दिसतात. सज्जनगडाला कथेत परळी म्हटलंय. समोरच्या आपल्या किल्ल्यालाही कथेत अजिंक्यतारा म्हणायचं नाही, ते नाव नंतरचं. साताऱ्याचा किल्ला, बस. पायथ्याचं शहरही नाही, ते शाहू महाराजांच्या काळात वसलं. चार भिंती नाहीत, राजवाडा नाही, माहुलीची मोठी देवळं नाहीत, लिंबची बारामोटेची विहीर नाही. एका प्रसंगात जासूद संगम माहुलीच्या घाटाच्या पायऱ्या उतरत होता, त्या पायऱ्या पुसल्या.

करंजे ते तो कोपरा सरळ रेषेत अडीच-तीन किलोमीटर. आवाज पोचायला सात-आठ सेकंद. म्हणजे पळाचा तिसरा हिस्सा. तळावरच्या लोकांना पहिला सुरुंग आधी धुळीच्या लोटासारखा दिसतो, मग ऐकू येतो. दुसऱ्याच्या वेळी ते त्या आवाजाची वाट बघत राहतात. हा परिच्छेद सगळ्यांत जास्त वेळा वाचून दाखवला गेला, आणि कुठेच अडला नाही.

२२ जून

कोण जिवंत, कोण नाही. ही यादी भिंतीवर लावावी. मसुद्यात गडावरचा कारकून, सबनीस, म्हणतो, "राजाराम महाराजांकडे जासूद धाडा." महाराज २ मार्चलाच सिंहगडावर गेले. एप्रिलच्या गडावर ती बातमी असणारच, आणि तिचं सावट प्रत्येक बोलण्यावर हवं. आता सूत्रं ताराबाईंकडे. संताजी घोरपडे १६९७ मध्ये गेले, धनाजी जाधव आहेत. मराठ्यांचे परशुराम त्रिंबक परळीवर. तिथून किल्ल्यात धान्य येत होतं आणि आझमशहाने त्याकडे काणाडोळा केला होता, असं ग्रँट डफ म्हणतो. कथेत रात्रीच्या बैलांची ही वाट ठेवली. शाहूराजे बादशहाच्या कैदेत, त्यांना कथेत आणलं नाही. एवढी मोठी व्यक्ती एका पानापुरती आणली की तिच्यामागे वाचकाचं सगळं लक्ष जातं.

३० जून

प्रयागजीचे दिवस. आराखड्यात तो सातही रात्री ढिगाऱ्याखाली होता. शक्य नाही. पाण्याशिवाय, चुन्याच्या धुळीत, एप्रिलच्या उन्हाने तापलेल्या दगडाखाली तीन दिवस ही कमाल मर्यादा, तीही सावलीची पोकळी मिळाली तर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला बाहेर काढला. खाली असताना त्याचा कान कातळाला लागलेला, आणि कातळाखाली बोगदा. खाली काय चाललंय ते गडावर फक्त त्यालाच माहीत आहे. तो शुद्धीत आहे, बाधा वगैरे काही नाही, फक्त त्याने मोजलंय.

बाहेर काढल्यावरचा संवाद आधी पानभर होता. आता एवढाच :

"हवालदार, खालनं हाका येत्यात जी."
"कुणाच्या नावानं?"
"आपल्यातली न्हाईत नावं. त्यांचीच हायती."
"किती झाली?"
"आजची मोजली न्हाईत."
"चौसष्ट होतील. मोज."

८ जुलै

भाषा. बखरीच्या वळणाने सगळी कथा लिहून पाहिली. दोन पानांनंतर वाचणारा दमतो आणि भीती दरबारी थाटात विरून जाते. बखरीचं वळण फक्त पत्रांत ठेवलं. निवेदन साधं, आजचं. शिपाईगडी साताऱ्याकडचं बोलतात, सबनीस-कारखानीस लेखनातलं.

बादशहाच्या तोंडी अर्धवट हिंदी घालायची सवय मोडली. ८१ वर्षांचा औरंगजेब कथेत थोडं, सरळ मराठीत बोलतो. मराठीत मुरलेले फारसी शब्द पुरे आहेत : हजेरी, मोर्चा, दमदमा, बत्ती, छावणी, तैनात. तो क्रूर किंवा वेडा दाखवलेला नाही. रोज सकाळी हजेरीचा कागद मागतो आणि कमी पडलेला आकडा ऐकून पुढचा हुकूम देतो. पाचव्या सकाळी तो कागद मागतच नाही, तिथे वाचणारे थबकले.

१९ जुलै

पहिली वाचनफेरी. ५६ पानं, दोन रुपये पान, पाच प्रती : ५६० रुपये. वेढ्याचा नकाशा वेगळा, मोठ्या कागदावर, सगळे मोर्चे आणि सात रात्रींच्या चंद्रास्ताच्या वेळा लिहून. नकाशा वाचकांसाठी नव्हे, लिहिणाऱ्यासाठी करावा, तो आधीच केला असता तर जूनचे निम्मे बदल वाचले असते.

दोन मोठ्या तक्रारी आल्या आणि दोन्ही रास्त होत्या.

पहिली : चंद्र वाढत जातो, म्हणजे अंधार रोज कमी होतो, आणि माणसं मात्र रोज दुप्पट नाहीशी होतात. पहिल्या रात्री सोळांना गिळायला सहा तासांचा अंधार आणि सातव्या रात्री हजारांना जेमतेम सवा तास? वाचकाला हे जाणवतं, कारण दर रात्रीच्या सुरुवातीला चंद्राचा उल्लेख आहे. चंद्र काढून टाकावा असं एकाने सुचवलं. उलट केलं. पाचव्या रात्रीपासून माणसं चांदण्यातच जाऊ लागतात, लख्ख दिसत असताना, रांगेने, हत्यारं खाली ठेवून. पहाऱ्याचे लोक त्यांना ओळखतात, हाक मारतात. अंधाराची गरज पहिल्या चार रात्रींनाच होती.

दुसरी तक्रार शेवटाची. शेवटची तीन हजार शब्दांची दोन प्रकरणं १७०७ पर्यंत जात होती : बादशहा आधीच मेला तर वारसायुद्ध केव्हा, दक्षिणेत काय, दिल्लीत काय. माहिती चोख होती, पण ती कथा नव्हती. भीती सुरुंगाच्या तोंडाशी संपली होती आणि पुढे नुसता तर्क चालला होता.

२ ऑगस्ट

ती दोन्ही प्रकरणं काढली. कथा २१ एप्रिलला थांबते. इतिहासात त्या दिवशी किल्ला दिला गेला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं गेलं. कथेत गडावरचं धान्य तसंच संपलेलं आहे, प्रयागजी किल्ल्या घेऊन ईशान्येच्या बाजूने उतरतो, आणि त्या मोर्च्यावर किल्ल्या घ्यायला कुणीच नाही. छावणी करंज्याहून हललेली आहे. एवढा एक बदल पुरतो. परळीचा वेढा होत नाही, जूनमध्ये तोही किल्ला पडत नाही, पावसाळ्यात फुगलेल्या नद्यांपाशी मोगल फौजेची दैना होत नाही, हे ज्याला इतिहास माहीत आहे तो आपोआप ताडतो. ज्याला माहीत नाही त्याला किल्ल्या हातात घेऊन उभा असलेला माणूस समजतो. दोघांसाठी वेगळं लिहावं लागत नाही.

शब्दसंख्या १५,२०० वरून ११,८०० वर आली.

१७ ऑगस्ट

अक्षरजुळणीचा घोळ. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला, अंकाची मांडणी जुन्या फाँटमध्ये. रूपांतरात ऱ्य आणि ऱ्ह तुटले. या कथेत ‘दुसऱ्या सुरुंगाचा’ हे शब्द पानोपानी आहेत, शिवाय साताऱ्याचा, पहाऱ्यावर, पायऱ्या, ढिगाऱ्याखाली, किनाऱ्याला. रूपांतरानंतर शोधून बदलायची यादी आधी करून ठेवावी. फक्त शोध-बदल चालवला तर ‘सूर्या’, ‘कार्यात’ यांतला रफारही बिघडतो, म्हणून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासावी लागली. दोन दिवस गेले. अवतरणचिन्हं आणि शून्याच्या जागी आलेला अनुस्वार ही दुसरी दोन ठिकाणं.

२५ ऑगस्ट

मजकूर दिला. सोबत संपादकांसाठी पानभर टिपण जोडलंय : कथेत काय खरं (वेढा, जागा, उंची, दोन सुरुंग, प्रयागजीचं वाचणं, सात दिवसांची आग) आणि काय रचलेलं (वळीव, विझलेली वात, बेलदार, हजेरीचे आकडे, शेवट). खऱ्या माणसांवर असं काही लिहिताना हे टिपण कथेच्या शेवटी छापायला लावावं, चौकट करून, लहान टाइपात का होईना. शाळकरी मुलं हे अंक वाचतात, आणि दुसरा सुरुंग उडालाच नव्हता असं कुणी परीक्षेत लिहून यायला नको.

चित्रकाराला नकाशाची प्रत आणि तीन सूचना दिल्यात : तटावर आजचा दरवाजा नको, खाली शहराचे दिवे नकोत, आणि पहिल्या रात्रीच्या चित्रात चंद्रकोर पश्चिमेला, यवतेश्वराच्या डोंगरावर टेकलेली.